बोटभर मागे घेतलेला कान

मावशी आज जेवल्या असतील का, हा प्रश्न संध्याकाळपासून माझी पाठ सोडत नाही. भांडी आवरली, मुंगी झोपली, उद्याचे कपडे काढून ठेवले, तरी मन फिरून तिथंच. डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्या बसल्या आहेत, समोरचं ताट तसंच झाकलेलं आहे, आणि आपल्या हातून एका लहान मुलीचं वाटोळं झालं असं त्या स्वतःला पुन्हा पुन्हा बजावताहेत. आज दुपारी शाळेत काय झालं ते त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. शाळेचं पत्र सोमवारी निघणार, आणि आज शुक्रवार.

पण आधी मावशी कोण, ते सांगायला हवं.

आम्ही परदेशातल्या या गावात राहायला आलो तेव्हा माझी मुलगी पहिलीत जाण्याच्या वयाची होती. घरात तिच्या तोंडाची टकळी क्षणभर थांबायची नाही. नळ का गळतो, शेजारच्यांचं कुत्रं कुणावर रुसलंय, बाबांच्या मोज्याला भोक कसं पडलं, सगळ्यावर तिचं मत. शाळेत मात्र तोंडात मूग. तिथला सगळा व्यवहार इंग्रजीत, आणि हिचं इंग्रजी म्हणजे आकडे आणि प्राण्यांची नावं. वर्गाच्या बाई तरुण होत्या, पहिलीच नोकरी, मनानं चांगल्या. रोज फाटकापाशी मला सांगायच्या, "आजही नाही बोलली."

असंच एकदा मी वर्गाच्या दारात घुटमळत होते, तेवढ्यात जिन्यावरून धापा टाकत एक बाई आल्या. पन्नाशीच्या, गुबगुबीत, केस अजून ओले आणि काखेत एक लाकडी स्टूल.

"थांबा, थांबा, दार लावू नका!" आणि मग माझ्याकडे बघून, चक्क आपल्या भाषेत, "नवीन का हो? ही तुमची? बोलत नाही ना?"

मी मान हलवली. रडू अगदी कडेला आलं होतं.

"छान झालं. बोलणारी मुलं मला फार दमवतात." आणि माझ्या मुलीचा हात धरून त्या आत गेल्यासुद्धा.

या कानमावशी. हे नाव त्यांना मुलांनी दिलं. त्याचा वचपा म्हणून त्यांनी प्रत्येक मुलाला एक नाव दिलं. माझी मुलगी एवढीशी, गप्प आणि सतत काहीतरी ओढून नेणारी, म्हणून ती मुंगी. आता आम्हीही घरात तिला मुंगीच म्हणतो.

शाळेत आपली भाषा बोलणारी बरीच मुलं आहेत. त्यांच्या शेजारी बसायचं, बाई काय शिकवताहेत ते त्यांना कळेल असं सांगायचं आणि हळूहळू त्यांना इंग्रजीत बोलतं करायचं, हे मावशींचं काम. त्यांना ना खोली, ना टेबल, ना कपाट. चित्रकलेच्या वर्गातून आणलेलं ते एक स्टूल घेऊन त्या या वर्गातून त्या वर्गात फिरतात. स्टुलाचा लाल रंग बसून बसून मधोमध उडालाय. "माझी खुर्ची गेली तरी चालेल," त्या म्हणतात, "मला ती कधी नव्हतीच."

लग्न करून त्या इथं आल्या. आधी कापडाच्या दुकानात कापड मोजून द्यायच्या. इंग्रजी तिथंच शिकल्या. "रंग, मापं आणि 'फाडलेलं कापड परत घेणार नाही', एवढं माझं पक्कं होतं." मग शाळेच्या जेवणघरात मुलांना ताटं वाढायचं काम मिळालं. तिथं एक मुलगा दोन दिवस रडत होता. घराची आठवण येत असेल म्हणून शिक्षकांनी त्याला गोष्टी सांगितल्या, चेंडू दिला. ताट घेताना तो मावशींच्या कानाशी लागला आणि कुजबुजला, "बूट चावतो." नव्या बुटाच्या टोकात कारखान्यातला कागदाचा बोळा तसाच राहिला होता. मावशींनी तो काढला आणि मुलगा पळत सुटला. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी त्यांना विचारलं, "तुम्ही वर्गात बसाल का?" मावशी म्हणाल्या, "बसायचंच काम असेल तर बसते."

त्या काही आदर्श वगैरे नाहीत. वेळेवर कधी येत नाहीत. एका पावसाळ्यात तीन छत्र्या हरवतात. हळू बोलणं त्यांना जमत नाही, फाटकापाशी बोलल्या तर पलीकडच्या रस्त्यावरची माणसं वळून बघतात. एकदा सगळ्या आयांच्या समोर मला म्हणाल्या, "मुंगीच्या आई, वेणी जरा सैल घाला हो. पोरीच्या भुवया पार कपाळावर गेल्यात. सारखी दचकल्यासारखी दिसते." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी वेणी सैल घातली.

त्यांची काम करायची एक पद्धत आहे, आणि तीच या सगळ्याच्या मुळाशी आहे.

न बोलणारं मूल आलं की मावशी स्टूल त्याच्या अगदी शेजारी ठेवतात आणि कान त्याच्या ओठांशी नेतात. मूल आपल्या भाषेत कुजबुजतं, मावशी ते मोठ्यानं इंग्रजीत सांगतात, आणि बाई त्या मुलाला "शाबास" म्हणतात. मुलाला वाटतं, आपण बोललो. असे काही दिवस गेले की मावशी कान बोटभर मागे घेतात. मूल थोडं पुढे झुकतं. आणखी काही दिवसांनी आणखी बोटभर. मग झुकून भागत नाही, आवाज चढवावा लागतो. मग स्टूल सरकतं, मागच्या बाकाशी, मग भिंतीपाशी. आणि मावशीही सगळं सांगायचं सोडून अर्धंच सांगू लागतात, उरलेलं मुलाच्या अंगावर टाकतात. शेवटी एक दिवस पोरगं पहिल्या बाकावरून भिंतीकडे वळून ओरडतं, अर्धं इंग्रजी, अर्धं घरचं, आणि सगळा वर्ग ऐकतो. मावशी उठतात. "आता तुझं तू बघ. मला स्टूल दुसरीकडे न्यायचंय."

मी एकदा त्यांना म्हटलं, "काय युक्ती काढलीत!"

"कसली युक्ती? माझा डावा कान मुळातच कमी ऐकतो. सुरुवातीला मुलं ओरडायची ती त्यामुळेच. आता उजवा पुढे करते आणि मागे सरते, एवढंच."

त्या डाव्या कानापायी फोन वाजलेला त्यांना घरात ऐकू येत नाही. म्हणून घरी असल्या की त्या फोन रिकाम्या पातेल्यात ठेवतात. वाजला की पातेलं असं घणघणतं, की त्यांचे यजमान म्हणे आजवर दोनदा आग लागली म्हणून बाहेर पळालेत.

तर, मुंगीच्या बाबतीत मावशींचा कान मागे जाईना.

इतर मुलं पुढे सरकली. एक मुलगा तर असा बोलायला लागला की बाईच त्याला गप्प बस म्हणायला लागल्या. मुंगी दुसरीत गेली, ते वर्षही संपत आलं, तरी तिचे ओठ मावशींच्या कानाशीच. अभ्यास सगळा येत होता. वहीत नीट लिहायची. पण आवाज म्हणून वर्गात कुणी ऐकलेला नव्हता. वर्गाच्या बाईंनीही मावशींना हळूच सांगून पाहिलं. मग एक दिवस फाटकापाशी मावशी आपणहून माझ्याकडे आल्या. त्या दिवशी आवाज चक्क खाली होता.

"मुंगीच्या आई, चूक माझी आहे. मी सरकायला हवं होतं आणि सरकले नाही."

"का हो?"

"तिचं कुजबुजणं मला गोड लागतं. माझा मुलगा इतका लांब, आणि फोनवर तीनच शब्द बोलतो. हो, नाही, बघू. ही एका दमात पाच गोष्टी सांगते. बाईंच्या चपलेचा पट्टा तुटलाय, खिडकीवर कावळा आलाय, तुझा रुमाल उलटा आहे." त्या हसल्या आणि डोळे पुसले. "पुढच्या आठवड्यापासून सरकते. नक्की."

त्या पुढच्या आठवड्यातच परीक्षा आली.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची वर्षाअखेर एक तोंडी परीक्षा असते. बाहेरचे परीक्षक येतात, एकेका मुलाला खोलीत बोलावतात, चित्र दाखवतात आणि त्याबद्दल बोलायला सांगतात. बोलता आलं नाही तर पुढच्या वर्षी मूल खालच्या वर्गात. मुलांना भीती वाटू नये म्हणून मावशींना आत बसू देतात, भिंतीपाशी. अट एकच, एक शब्दही बोलायचा नाही.

चित्रात एक बाई पलंगाशी उभी होती आणि पलंगावर कपड्यांनी भरलेली उघडी बॅग. परीक्षकांनी विचारलं, ही काय करते आहे? मुंगी चित्राकडे बघत राहिली. मग खुर्चीवरून उतरली, सरळ भिंतीपाशी गेली आणि मावशींच्या कानाला लागली. आणि मावशींच्या तोंडून, रोजच्या सवयीनं, मोठ्यानं इंग्रजीत निघून गेलं, "ही कुठं निघालेली नाही. ही प्रवासाहून परत आली आहे. बघा, कपडे चुरगळलेत."

परीक्षकांनी पेन्सिल खाली ठेवली. मावशींनी हात तोंडावर नेला, पण शब्द कधीच बाहेर पडला होता.

त्या संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. मावशी कुजबुजत होत्या! मी त्यांना कधी कुजबुजताना ऐकलं नव्हतं.

"मला घरी बसायला सांगितलंय. निकाल लागेपर्यंत."

"अहो, पण तुम्ही तर तिचंच सांगितलंत ना?"

"तिचंच. अक्षरही माझं नाही. पण त्या खोलीत आपली भाषा कुणाला येत होती? त्यांनी एवढंच पाहिलं की पोर कानाशी आली आणि उत्तर माझ्या तोंडातून निघालं." मग म्हणाल्या, "मी गेले तर गेले. पण माझ्यामुळे पोर खालच्या वर्गात जायची. आणि हे बघा, पत्र हातात येईपर्यंत मला फोन करू नका. उद्या कुणी म्हणायला नको, यांनी मिळून पोरीला पढवलं. मुंगीलाही काही बोलू नका. माझं ओझं तिच्या डोक्यावर नको."

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या बाईंना भेटले. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. उंच, शिस्तीच्या, बोलताना पेनाचं टोपण लावणाऱ्या आणि काढणाऱ्या. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं.

मी म्हटलं, "मुंगीनं घरी येऊन मला तेच सांगितलं. ती बाई प्रवासाहून आली आहे, कपडे चुरगळलेत. मावशींचा फोन मला संध्याकाळी आला, त्याच्याही आधी. ती शाळेतून आली तेव्हाच बोलली."

"माझा तुमच्यावर विश्वास आहे," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही आई आहात. उत्तर मुलीचं असेल तर ती मावशींची चूक. समज देऊन विषय संपेल आणि मुलीची परीक्षा पुन्हा घेता येईल. उत्तर मावशींचं असेल तर ती फसवणूक. मग त्यांना ठेवता येणार नाही, आणि दुसरी शाळाही त्यांना घेणार नाही. बाहेरून दुभाषी मागवायचा तर तो सुट्टीनंतर मिळेल. तोवर ही जागा मला धरून ठेवता येत नाही."

"मग?"

"मग मुलीनंच सांगायला हवं. मला. स्वतःच्या तोंडानं."

म्हणजे घोडं जिथं दोन वर्षं पेंड खात होतं, तिथंच येऊन पुन्हा थांबलं. मावशींची नोकरी आता अशा एका वाक्यावर होती, जे वाक्य मुंगीच्या तोंडून शाळेत कधी निघालंच नव्हतं.

ते दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. एका आजोबांना मी दूरचा चष्मा म्हणून जवळचा दिला. ते दारापर्यंत जाऊन परत आले आणि म्हणाले, "ताई, दार दिसत नाही." मुंगीला मी काही सांगितलं नव्हतं, पण मुलांना सगळं कळतं. वर्गाच्या बाईंनी सांगितलं, मावशींचं स्टूल कुणीतरी अडगळीत ठेवलं होतं. मुंगी रोज सकाळी ते ओढत आणते आणि आपल्या बाकाशेजारी ठेवते. रिकामंच. कुणी बसायला गेलं तर नुसती बघते. मग कुणी बसत नाही.

काल रात्री मी तिच्याजवळ बसले.

"मुंगे, मोठ्या बाईंना एक विचारायचंय. परीक्षेत ते चित्राचं कोण बोललं?"

"मी."

"मग तसं सांगशील त्यांना?"

"आपल्या भाषेत?"

"त्यांना ती येत नाही."

"मग मावशीला बोलव. ती सांगेल."

"मावशी नाहीत ना."

"मग तू सांग."

"माझंही चालणार नाही."

"मग बोलणार कोण?" असं तिनं अगदी खरोखरच्या अडचणीत सापडल्यासारखं विचारलं. मी तिच्या अंगावर पांघरूण घातलं. मला उत्तर ठाऊक होतं, पण ते मी देण्यासारखं नव्हतं.

आज दुपारी आम्ही दोघी मोठ्या बाईंच्या खोलीत गेलो. मला भिंतीपाशी खुर्ची दिली. "एकही शब्द नको," मोठ्या बाई म्हणाल्या. मुंगीला टेबलासमोर उभं केलं, आणि तेच चित्र पुढे ठेवलं. बाई, पलंग, बॅग.

"हिच्याबद्दल परीक्षेत काय सांगितलं? आणि कुणी?"

मुंगीनं चित्राकडे पाहिलं. टेबलाकडे पाहिलं. मग वळली आणि सरळ माझ्याकडे आली. दोन्ही हातांचा द्रोण करून माझ्या कानाशी.

माझी मान आपोआप खाली गेली. आईची मान, ती जाणारच. तिचा श्वास कानाला लागला आणि मला मावशी आठवल्या. मी मान बोटभर मागे घेतली.

ती पुढे झुकली. मी आणखी बोटभर मागे. तिनं टाचा उंचावल्या. मी आणखी मागे गेले आणि माझं डोकं ठक्कन भिंतीवर आपटलं. आता मागे जायला जागाच नव्हती. मी हनुवटी वर केली आणि छताकडे बघत बसले, दंतवैद्याकडे बसतात तशी.

"आई, ऐक ना!"

खोलीत आवाज घुमला. मोठ्या बाईंच्या हातातलं टोपण खाली पडलं. या शाळेत मुंगीचा आवाज त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या, आणि तोही असा खणखणीत. मुंगी स्वतःच दचकली. मग तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी आपण पैसे घेऊन माल न देणाऱ्या दुकानदाराकडे टाकतो. उसासा सोडला, वळली आणि टेबलापाशी जाऊन चित्रावर बोट ठेवलं.

"लेडी नॉट गोइंग," ती म्हणाली. "लेडी कम होम. क्लोथ्स..." शब्द आठवेना. मग तिनं स्वतःचा फ्रॉक मुठीत धरून चुरगळला आणि दाखवला. "धिस."

मोठ्या बाईंनी विचारलं, "हे मावशींनी सांगितलं?"

"नो!" मुंगीला भयंकर राग आला. रागात माणूस व्याकरण बघत नाही, भीतीही बघत नाही. तिनं स्वतःच्या छातीवर बोट आपटलं. "माय टॉक. आय टॉक इन इअर. मावशी ओन्ली माउथ."

मी ओठ दातांखाली धरले होते. अट होती ना, एकही शब्द नाही.

मोठ्या बाई शिस्तीच्या आहेत, म्हणून त्यांनी खात्री करून घेतली. खणातून दुसरंच एक चित्र काढलं. झाडाला शिडी लावलेली, एक माणूस वर फांदीवर, आणि खाली गवतात एक मांजर. मुंगीनं क्षणभर पाहिलं.

"मॅन गो अप फॉर कॅट. बट कॅट कम डाउन." आणि मग, जरा गालात हसून, "नाउ कॅट लुकिंग मॅन."

मोठ्या बाई हसल्या. मी त्यांना हसताना कधी पाहिलं नव्हतं. चष्मा काढून त्यांनी डोळे टिपले आणि मला म्हणाल्या, "दोन वर्षं ही हे सगळं साठवत होती का?"

माझा जीव भांड्यात पडला. मी मान हलवली. डोक्यावर मागे चांगलं टेंगूळ आलं होतं, ते त्या क्षणी पहिल्यांदा दुखलं.

निकाल असा लागला. मावशींना समज दिली जाईल आणि परीक्षेच्या खोलीत यापुढे त्या बसणार नाहीत. काम मात्र त्यांचं त्यांच्याकडेच. मुंगीची परीक्षा महिनाअखेर पुन्हा होईल. "पण कळवायचं ते कार्यालय कळवेल," मोठ्या बाई म्हणाल्या. "पत्र सोमवारी निघेल." टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "स्टूल अडगळीत ठेवू नका म्हणून मी शिपायाला सांगते."

संध्याकाळी मुंगीचे बाबा पंपाच्या कारखान्यातून आले. मी त्यांना दारातच सगळं सांगितलं.

"मुंगी इंग्रजीत बोलली? मोठ्या बाईंशी?"

"हो!"

"आणि तेवढा वेळ तू गप्प बसलीस?"

"हो."

"थांब, यातलं मोठं नवल कुठलं ते मला आधी ठरवू दे."

जेवताना मी म्हटलं, "मावशींना सांगावंसं वाटतंय. पण त्यांनी बजावलंय, पत्र हातात येईपर्यंत फोन नको."

"अगं, ते पढवलं असं कुणी म्हणू नये म्हणून होतं. आता काय पढवणार? पोर बोलून मोकळी झाली."

"पण शाळेनं कळवायचं ते आपण कसं कळवायचं?"

"बरं बाई, मग सोमवारपर्यंत ये-जा कर खोलीतून खोलीत. फरशी तेवढी झिजेल." आणि ते झोपायला गेले.

मुंगी पांघरुणात शिरली. झोप डोळ्यांवर आली होती, तरी तिनं विचारलं, "मावशीला कळलं?"

"सोमवारी कळेल. पत्र जाईल."

"म्हणजे आज ती रडणार?"

"नाही गं, कदाचित..."

"आणि उद्या?" ती बोटं मोजत होती. "आणि परवा? आई, तू सांग ना. तू तर बोलू शकतेस."

आणि झोपली. सैल वेणी उशीवर, भुवया जागच्या जागी.

तेव्हापासून मी इथं बसून हे लिहिते आहे. लिहिता लिहिता लक्षात आलं, की माझ्या मनातला घोळ नियमाचा नव्हताच. आज त्या खोलीत मान मागे घेतली, ते बरोबर होतं. पण दर वेळी मागे सरायचं नसतं. मावशी आता तिथं बसल्या आहेत, कानाशी कुणी नाही, आणि ऐकायला मिळावं असं त्यांना एकच वाक्य हवंय. ते माझ्याकडे आहे. उद्या मोठ्या बाईंनी विचारलंच, तर सांगेन, मीच सांगितलं म्हणून.

त्यांचे यजमान बेकरीत रात्रपाळीला असतात. त्यांना निरोप देऊन मावशी बराच वेळ जाग्या असतात, हे त्यांनीच मला सांगितलंय. फोन पातेल्यात असणार. घणघणू दे. त्यांनी उचलला की त्या आधी ओरडतील, "पत्र आलं का?" मी ते ऐकून घेईन, आणि मग पहिलं वाक्य म्हणेन, "मावशी, मुंगी बोलली." बाकीचं सगळं त्यानंतर. त्यांचा उजवा कान जवळ असेल, म्हणून हळू बोलले तरी चालेल, पण मी मोठ्यानंच सांगणार आहे.

नंबर पाठ आहे. लावते.